इराकच्या गाड्या कुठून सुटतात

आमच्या झगाझिगमध्ये रस्ता विचारणाऱ्याला कुणी रिकाम्या हाती पाठवत नाही. माणूस उन्हातून आलाय, घाम पुसतोय, सलाम करून विचारतोय, आणि आपण त्याच्या तोंडावर ‘मला माहीत नाही’ म्हणायचं? छे! घरी आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावण्यासारखंच ते. मग ठाऊक असो वा नसो, हात वर होतो. ‘सरळ जा, पूल ओलांड, डावीकडे वळ, तिथं कुणालाही विचार.’ तिथला तो ‘कुणीही’ आमच्याच गावचा. तोही हात वर करतो. परगावचा माणूस असा दिवसभर भोवंडतो, पायाचे तुकडे पाडून घेतो, पण ह्या गावात कुणी आपल्याशी वाईट वागलं असं मात्र त्याला म्हणता येत नाही.

उस्ता अतिय्या, म्हणजे कारागीर अतिय्या, ह्याच मातीतला. बहर मुवैस कालव्याच्या पुलाअलीकडे त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. एक फळी, एक शेगडी, हातातली एक इस्त्री आणि पायानं ढकलायची लांब दांड्याची एक जडशीळ इस्त्री, ती गलाबियांसाठी, म्हणजे पायघोळ झग्यांसाठी. पाणी शिंपडायला त्याला भांडं लागत नसे. मातीच्या सुरईतून तोंड भरून घ्यायचा आणि गाल फुगवून फुर्रकन असा फवारा मारायचा की कापडावर धुकं पडावं. त्याचा बाप असंच करायचा, आजाही असंच करायचा. कुणी म्हणालं, ‘अरे, दुसऱ्याच्या कपड्यावर थुंकतोस काय,’ तर हसून म्हणायचा, ‘साहेब, ह्यात दुवा मिसळलेली असते, ती बाटलीतनं येत नाही.’

माणूस गोड. ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडात बसतच नसे. गुडघेदुखीला औषध विचारा, सांगणार. अमक्या कचेरीत साहेब किती वाजता येतो विचारा, सांगणार. रस्त्याचं तर बोलूच नका. समोरच्या कॉफीखान्याचा मालक बस्यूनी, सगळ्यांचा मुअल्लिम, म्हणजे शेठ, म्हणायचा, ‘अतिय्याला स्वर्गाचा पत्ता विचारा, तो म्हणेल, दुसऱ्या वळणावर, भाजीवाल्याशेजारी.’

आणि मग तो गुरुवार आला. शहाऐंशी सालचा ऑगस्ट.

गुरुवार म्हणजे इस्त्रीवाल्याचा मरणाचा दिवस. शुक्रवारच्या नमाजला सगळ्यांनाच कडक गलाबिया हवी असते. दुपारच्या अजानला अर्धा तास असेल. अतिय्यानं नुकतंच तोंड भरून पाणी घेतलं होतं, एवढ्यात फळीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. खेड्यातली, काळ्या कपड्यातली, डोक्यावर वेताची टोपली, टोपलीवर निळ्या चौकड्यांचं फडकं बांधलेलं. फडक्याखालून ताज्या फितीरचा, तुपात घडी घालून भाजलेल्या पोळ्यांचा वास येत होता. बाई धापा टाकत होती.

‘बाळा, इराकच्या गाड्या कुठून सुटतात रे? माझा मुलगा चाललाय.’

अतिय्याला माहीत नव्हतं. तेव्हा आमच्याकडची निम्मी पोरं इराकला कामाला जात होती, रोज कुठं ना कुठं नवा गाडीवाला उभा राहत होता, कुणाचा कुठला थांबा ते गाडीवाल्यांनाच माहीत. बरं, तोंडात पाणी. देवानंच जणू त्याच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पाणी बाजूला टाकून ‘मावशी, समोर बस्यूनीला विचारा’ म्हणाला असता तरी चाललं असतं. पण वर्षानुवर्षांची सवय ती! हात वर झाला. पुलाकडे गेला. पुलावरून पलीकडे, मग डावीकडे असा वळलासुद्धा. इतका छान वळला की कुणालाही वाटावं, हा माणूस रोज इराकला जातो.

‘अल्लानं तुझ्या आईला कधी तुझ्यावाचून ठेवू नये,’ बाई म्हणाली, आणि टोपली सावरत जवळजवळ पळतच पुलावर चढली.

अतिय्यानं फवारा मारला आणि पुढची गलाबिया घेतली. विसरलाही.

वीस मिनिटांनी त्याच्या दुकानामागच्या गल्लीतून हॉर्न वाजवत एक मोठी बस बाहेर आली. टपावर गाद्या, पेट्या, दोरखंडानं बांधलेले पंखे. मागच्या गल्लीतून! तिथं जुन्या कापसाच्या वखारीच्या आवारात त्या आठवड्यापासून इराकच्या गाड्या लागू लागल्या होत्या. दुकानापासून शंभर पावलं, फार तर. बस त्याच्या दुकानासमोरच वळायला अडकली. खिडकीतून एक पंचविशीचा तरुण कमरेपर्यंत बाहेर वाकला होता. बाकीचे हात हलवत होते, ओरडत होते. हा एकटा गप्प. रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता बघत होता. एकदा तर अतिय्याच्या चेहऱ्यावरूनही त्याची नजर गेली. मग बस सुटली आणि कालव्याच्या अलीकडच्या रस्त्यानं निघून गेली.

अतिय्याला ती टोपलीवाली बाई आठवली. इस्त्री फळीवरच राहिली, एका मास्तरांची पांढरी गलाबिया पाठीवर जळली. तो धावत पुलावर गेला. पलीकडे डावीकडे मटण-बाजार, त्यापुढे वीटभट्ट्या, त्यापुढे काहीच नाही. बाई कुठं दिसेना.

ती दिसली संध्याकाळी. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं ती परत येत होती. टोपली डोक्यावर तशीच, फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. सावकाश चालत होती, घाई संपलेल्या माणसासारखी. आणि अतिय्यानं काय केलं माहीत आहे? धावत जाऊन पाय धरले? छे. तो टांगलेल्या गलाबियांच्या मागे गेला. दोन गलाबियांच्या फटीतून, श्वास धरून, ती नजरेआड होईपर्यंत बघत राहिला. रस्ता चुकीचा दाखवला ह्याला निदान सवयीचं नाव देता येतं. ह्या लपण्याला काय नाव द्यायचं, ते त्याला पुढे कधीच सापडलं नाही.

तेव्हापासून त्याच्या तोंडातलं पाणी त्याचं वैरी झालं. सुरई तोंडाला लावली, गाल भरले, की फळीसमोर ती उभी. धापा टाकणारी. डोळे वर करून उत्तराची वाट बघणारी. फवारा बाहेर येईचना. घुटका घशाखाली जायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा असं व्हायला लागलं.

‘उस्ता, कपडे भिजवतोयस की तहान भागवतोयस?’ बस्यूनी समोरून ओरडायचा. ‘कालवा आटवशील अशानं!’

शेवटी अतिय्यानं बाजारातून झारीसारखी एक प्लास्टिकची बाटली आणली. गिऱ्हाइकं म्हणाली, कपड्याला पूर्वीसारखी कडक घडी येत नाही. बहुतेक खोटंच असावं, पण म्हणाली.

त्यात त्याची आई गेली, त्याच हिवाळ्यात. म्हातारी त्याच्याच घरी होती. गेली ती कशी? लेकाच्या मांडीवर डोकं, त्याचा हात हातात, त्याच्या हातून दोन घोट पाणी पिऊन. शेजारणी म्हणाल्या, असं मरण नशीबवानाला येतं. अतिय्या मात्र असा हमसून रडू लागला की बायको इनायात घाबरली. त्या बाईची दुवा फळली होती. शब्दन्‌शब्द. त्याच्या आईला तिनं लेकाजवळ ठेवलं, आणि तिच्या लेकाला त्यानं... त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? ‘मी हात वर केला’? झगाझिगमध्ये कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मग?

त्यानं कानाला खडा लावला. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. बास.

तुम्हाला वाटेल, ह्यात काय अवघड? आमच्या गावात राहून बघा. पहिल्यांदा एका परगावच्या माणसानं मोजणी-कचेरी विचारली. अतिय्या म्हणाला, ‘मला माहीत नाही.’ तो माणूस दचकला. कॉफीखान्यातून पाच जण उठले आणि पाच दिशांना पाच हात गेले. तो गेल्यावर बस्यूनी म्हणाला, ‘काय रे, भांडण झालं का घरी? एवढं तोडून कशाला बोललास?’

हळूहळू गावात बोलवा उठली. अतिय्याला गर्व झालाय. अतिय्या आतल्या गाठीचा झालाय. अतिय्याला काहीतरी लागलंय, आईच्या मरणानं डोक्यावर परिणाम झालाय. इनायात वैतागली. ‘अहो, लोक विचारतात पाऊस पडेल का, तर माहीत नाही! समीहा पास होईल का, तर माहीत नाही! स्वतःच्या पोरीबद्दल! तोंडातून एक बरा शब्द काढायला तुमचं काय जातं हो?’

‘मला माहीत नाही ना, इनायात.’

‘मग मला तरी कुठं माहीत असतं काही? पण संसार करते की नाही?’

हे तरी खपलं. बस्यूनीच्या मुलाचं मात्र खपलं नाही.

बस्यूनीचा थोरला फौझी. त्याच्यासाठी बनहाची एक मुलगी बघितली होती. आमच्याकडे मुलीकडची माणसं मुलाबद्दल आधी गल्लीत चौकशी करतात, आणि गल्लीत सगळ्यात आधी जातात इस्त्रीवाल्याकडे. कपड्यांवरून माणूस कळतो म्हणतात. तर मुलीचे दोन काका आणि एक आत्या अतिय्यापुढे येऊन बसले. चहा झाला. आत्यानं विचारलं, ‘उस्ता, मुलगा कसा आहे? तुमच्या डोळ्यासमोर वाढला म्हणतात.’

फौझी चांगला होता? असावा. बापाला मदत करायचा. एकदा रस्त्यात एका गाढवाला निर्दयपणे मारताना अतिय्यानं त्याला पाहिलं होतं. एकदा एका आंधळ्याला हात धरून पूल ओलांडून देतानाही पाहिलं होतं. एका पोरीचं सगळं आयुष्य अतिय्याच्या हाताच्या इशाऱ्यावर उभं होतं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘त्याच्या शर्टाची कॉलर मला माहीत आहे. माणूस मला माहीत नाही.’

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या मुलखात शेजारी ‘माहीत नाही’ म्हणाला की त्याचा अर्थ एकच. काहीतरी भानगड आहे आणि बिचारा भला माणूस झाकतोय. चहाचे पेले तसेच ठेवून ते उठले. लग्न मोडलं.

बस्यूनी रस्ता ओलांडून आला तो जवळजवळ अंगावरच. ‘चांगला आहे म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं? वीस वर्षं! वीस वर्षं माझी कॉफी पितोयस! पोराचं तळपट केलंस!’

‘मुअल्लिम, मी वाईट म्हणालो नाही.’

‘वाईट म्हणाला असतास तर बरं झालं असतं! लोकांनी निदान कारण विचारलं असतं!’

दीड वर्ष बस्यूनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. कॉफीखान्याच्या खुर्च्यासुद्धा त्यानं उलट्या तोंडानं लावल्या, इस्त्रीच्या दुकानाकडे पाठ करून. अतिय्या दिवसभर त्या पाठींकडे बघत इस्त्री फिरवायचा. गल्लीतली निम्मी गिऱ्हाइकं पुलापलीकडच्या इस्त्रीवाल्याकडे गेली.

खरं सांगायचं तर ह्याचं त्याला तेवढं दुःख नव्हतं. त्याला एकच गोष्ट खात होती. ती बाई कोण? तिचा मुलगा परत आला की नाही? आला असेल, आईच्या हातचं जेवत असेल, तर प्रश्न मिटला. एकदा हे कळलं की मी सुटलो, असं तो स्वतःला सांगायचा. आणि नसेल आला, तर तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. फटीतून बघत लपायचं नाही.

म्हणून तो शोधायला लागला. आणि इथे गावानं त्याच्यावर सूड उगवला म्हणा, की त्याचंच त्याच्या पदरात घातलं म्हणा. खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तळावर जाऊन तो विचारी, ‘काळ्या कपड्यातली, साधारण पंचावन्न वयाची, डोक्यावर टोपली, मुलगा शहाऐंशीत इराकला गेलेला. ओळखता का?’

ओळखता का! प्रत्येक जण ओळखत होता. ‘हो तर! ती हिहियाची. मुलगा आला परत, लाल विटांचं घर बांधलंय.’ दुसरा म्हणाला, ‘छे, ती अबू कबीरची, गेली बिचारी मागच्या रमझानला.’ तिसरा म्हणाला, ‘माझ्या आत्याच्या शेजारीच राहते, चल नेतो.’ हसऱ्या चेहऱ्यानं, खांद्यावर हात ठेवून, मनापासून सांगत होते सगळे. शुक्रवारची नमाज झाली की अतिय्या निघायचा. हिहियाला गेला, अबू कबीरला गेला, कुठकुठल्या वाड्यावस्त्यांवर गेला. प्रत्येक ठिकाणी एक आई असायची आणि तिचा मुलगा इराकला गेलेला असायचा. काय त्या काळात आयांना तोटा होता? ती त्याला बसवायची, चहा द्यायची, मुलाचा फोटो दाखवायची. खिडकीतून वाकलेला तो चेहरा त्यात कधीच नसायचा.

चार वर्षं. मधे कुवेतची लढाई झाली, इराकमधली माणसं झुंडीनं परत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. अतिय्या स्टेशनावर जाऊन चेहरे बघायचा. स्वप्नातही तेच. बस वळणावर अडकलेली, तो तरुण बाहेर वाकलेला, आणि अतिय्याला ओरडायचं असायचं, ‘थांब, ती पुलापलीकडे आहे,’ पण तोंडात पाणी.

मग एका शुक्रवारी तळावर गाबर नावाचा एक नवा ड्रायव्हर भेटला. तुटकी गाडी, त्याहून तुटका चेहरा. अतिय्यानं त्याला नेहमीचं सगळं सांगून विचारलं. गाबरनं विडी विझवली, विचार केला आणि म्हणाला, ‘नाही बुवा. मला माहीत नाही.’

अतिय्यानं त्याला मिठीच मारली. रस्त्यात, सगळ्यांसमोर. गाबर घाबरून म्हणाला, ‘अरे, सोड! माहीत नाही म्हणालो ना!’

‘म्हणून तर! भावा, तुझ्या गावात विचार. तू विचारलंस तर मी विश्वास ठेवीन.’

दोन आठवड्यांनी गाबर स्वतः दुकानात आला. ‘आमच्या कफ्र जुम्मैझमध्ये एक म्हातारी आहे, तफीदा नावाची. मुलगा इराकला गेला तो आलाच नाही. म्हातारी सांगते की त्या दिवशी ती झगाझिगला गेली होती, पण गाडी सापडली नाही. तीच की नाही मला माहीत नाही. पण उद्या गाडी तिकडे रिकामीच जातेय.’

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून अतिय्या गेला. कफ्र जुम्मैझ म्हणजे दोन उंबर आणि चाळीस घरं. दार उघडलं ते तफीदाच्या मुलीनं, नबविय्यानं. आत ओट्यावर म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. डोळे अधू झाले असावेत, कारण ती खडे नजरेनं नाही, बोटांनी शोधत होती. सहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारी झालेली. पण तीच.

‘कोण आलंय ग?’

‘झगाझिगचा कुणी उस्ता आहे, आई. तुझी चौकशी करतोय.’

सूप थांबलं. ‘माझ्या मुतवल्लीचं काही कळलं का, बाळा?’

नबविय्यानं म्हातारीच्या मागून अतिय्याला खूण केली. डोळे मोठे करून, हाताचा तळवा खाली दाबत. बरं काहीतरी बोल. ती खूण आमच्याकडे सगळ्यांना कळते. ह्या दारात आलेल्या प्रत्येकानं ती पाळली होती. कुणी मुतवल्लीला अम्मानमध्ये पाहिलं होतं, कुणी बसऱ्यात, कुणी म्हणे त्यानं तिकडे लग्न केलंय, दोन पोरं आहेत. म्हातारीनं ते सगळं जपून ठेवलं होतं आणि त्यातल्या कशावरही तिचा विश्वास नव्हता.

‘नाही मावशी,’ अतिय्या म्हणाला. ‘मुतवल्लीचं मला काहीच माहीत नाही.’

नबविय्यानं कपाळाला हात लावला. म्हातारी मात्र त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळली. मग सरकून तिनं ओट्यावर जागा केली. ‘बस.’

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. गुरुवार. फळी. तोंडातलं पाणी. ‘तुम्ही मला गाड्या कुठून सुटतात विचारलंत. मला माहीत नव्हतं. मी पुलाकडे हात केला. गाड्या माझ्या दुकानाच्या मागेच होत्या, मावशी. शंभर पावलांवर. बस माझ्यासमोरून गेली. एक मुलगा खिडकीतून वाकून कुणाला तरी शोधत होता. आणि संध्याकाळी तुम्ही परत निघालात तेव्हा मी कपड्यांच्या मागे लपलो. सहा वर्षं झाली. तुम्ही काय शाप द्यायचा तो द्या, मी तेवढ्यासाठीच आलोय.’

म्हातारीचे ओठ हलले, पण शाप आला नाही. ती मुलीकडे वळली.

‘नबविय्या! ऐकलंस? ह्यानं मला पाहिलंय.’

नबविय्या दाराला धरून उभी होती. हळूहळू तिचं तोंड पांढरं पडलं.

‘आई, मी कधी नाही म्हटलं का? मी म्हणायचेच की, हो, तू गेली होतीस...’

‘म्हणायचीस ग! सगळेच म्हणायचे! हो मावशी, हो आत्या, गेली होतीस. आजाऱ्याला म्हणतात तसं!’ म्हातारी आता ओरडतच होती. ‘अरे, मी त्याला म्हटलं होतं, गेलास तर मी निरोपाला येणार नाही, तोंड बघणार नाही तुझं. तो म्हणाला, मग मीही परत येणार नाही. जाऊ नये म्हणून बोलले रे, आई दुसरं काय करणार? तो पहाटे गेला. माझ्यानं राहवलं नाही. फितीर भाजल्या आणि मागनं धावले. संध्याकाळी टोपली तशीच घेऊन आले तर सगळ्यांना वाटलं, म्हातारी गेलीच नाही, कुठं तरी बसून राहिली आणि आता लाज झाकतेय. सहा वर्षं मी सांगतेय. सांगता सांगता मलाच वाटायला लागलं होतं, मी गेले होते की नाही?’

कोनाड्यातला जुना टेपरेकॉर्डर तिनं हातानं चाचपडून काढला. त्या दिवसांत इराकची माणसं पत्र लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. मुतवल्लीची एकच कॅसेट आली होती, पहिल्या वर्षी, परत येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. नबविय्यानं बटण दाबलं. खरखर झाली, मग एका तरुणाचा आवाज आला, एक एक शब्द तोलून बोलणारा. ‘आईला सांगा, कालवा संपेपर्यंत मी बाहेर वाकून बघत होतो. येणार नाही म्हणाली होती, तिनं शब्द पाळला. मीही माझा पाळीन.’ पुढे बहिणीला सलाम, शेजाऱ्यांना सलाम. आईला सलाम नव्हता.

‘मी उलट कॅसेट पाठवली,’ म्हातारी म्हणाली. ‘आले होते म्हणून शपथेवर सांगितलं. त्यालाही वाटलं असणार, आई आहे, म्हणणारच. तो काय आपल्या माणसांना ओळखत नाही?’

अतिय्या शिव्या खायला आला होता. इतकी वर्षं तो ज्याच्याखाली दबून चालला होता, तेच ह्या बाईला हवं होतं. जगात तिच्या येण्याचा साक्षीदार एकच होता, आणि तो सहा वर्षं झगाझिगमध्ये कॉलरी दाबत बसला होता.

‘तो येईल का रे?’ म्हातारीनं विचारलं.

‘मला माहीत नाही, मावशी.’

‘जिवंत आहे का?’

नबविय्यानं डोळे मिटले.

‘तेही मला माहीत नाही.’

‘आणि मी आले होते?’

‘आला होतात,’ अतिय्या म्हणाला. ‘निळ्या चौकड्यांचं फडकं होतं. फितीरचा वास येत होता. तुम्ही धापा टाकत होतात आणि पुलावर पळत गेलात. हे मला माहीत आहे. हे मी कुठंही सांगेन.’

म्हातारीनं त्याचा हात धरला आणि त्याला खाली बसवलं. ‘मग ह्यात सांग. नबविय्या, नवी कॅसेट लाव.’

नबविय्यानं धावत जाऊन शेजारून कॅसेट आणली, लग्नातल्या गाण्यांची होती ती. लावली. अतिय्या टेपरेकॉर्डरपुढे वाकून बसला आणि आधी नुसता खोकला. मग बोलला. आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, दुकान कुठं ते सांगितलं. ‘मुतवल्ली, भावा, तू मला ओळखत नाहीस. तुझी आई आली होती. अजानच्या आधी आली होती. तिला मी चुकीचा रस्ता दाखवला. तिचा राग धरू नकोस, माझा धर.’ एवढं बोलून तो थांबला, आणि म्हातारी म्हणाली, ‘परत सांग,’ तेव्हा त्यानं पहिल्यापासून परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

बटण खट्‌कन वर आलं. नबविय्यानं कॅसेट काढली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि हातात धरून उभी राहिली.

‘आई,’ ती म्हणाली, ‘पण पाठवायची कुठं?’

दारात शेजारच्या दोन-तीन बायका जमल्या होत्या, गाबरही येऊन टेकला होता. सगळी आमच्याच मुलखातली माणसं. पण हात कुणाचाच वर झाला नाही.